डोंगराआडचा मुका रेडिओ

मी डिजिटल रेडिओ. मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. तसं पाहिलं तर मला कुणी बोलावलंही नव्हतं. तरी बोलतो, कारण आता माझं तोंड धरायला जवळपास कुणी उरलेलं नाही.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पुढे आणि माझ्या मागे माझ्याच चेहऱ्याचे शेकडो भाऊ पट्ट्यावरून सरकत होते. एका मुलीनं माझ्या पाठीत शेवटचा स्क्रू पिळला, बटण दाबलं, मी दोन वाक्यं बोललो. ती हसली नाही की काही नाही. मला बाजूला ठेवून तिनं पुढचा उचलला.

खोक्यावर छापलं होतं : 'स्वच्छ आवाज. नवं युग.' त्या स्वच्छपणाचा मला भारी ताठा होता. जुने रेडिओ म्हणे लहर अशक्त झाली की खरखरायचे, खोकायचे, पण खोकता खोकता चार शब्द तरी कानावर घालायचे. माझं तसं नाही. मी बोललो तर ठणठणीत बोलतो, नाहीतर एकदम गप्प. खोक्यावर हा माझा गुण म्हणून लिहिला होता. तो गुण कुणाच्या मुळावर येतो ते मला नॉर्वेत आल्यावर कळलं.

तिथल्या सरकारनं ठरवलं होतं की देशभरच्या वाहिन्यांच्या जुन्या एफएम लहरी बंद करायच्या. एकेक जिल्हा घ्यायचा आणि तिथला जुना आवाज कायमचा मिटवायचा. मग रेडिओ ऐकायचा असेल तर माझ्यासारखा घ्या, नाहीतर बसा गप्प. निम्म्याहून अधिक लोकांना हे नकोय असं वर्तमानपत्रं सांगत होती. पण नको म्हणणाऱ्यांना विचारलं होतं कुणी? लोकांना पटवायला मोहीम निघाली, आणि त्या मोहिमेच्या एका कचेरीनं मला विकत घेऊन सिगब्यर्न नावाच्या माणसाच्या हवाली केलं.

सिगब्यर्न चाळिशी ओलांडलेला. गुळगुळीत हनुवटी, गळ्यात कचेरीचा बिल्ला, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, चूक आपलीच असणार. मी त्याचा नमुन्याचा रेडिओ. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर आम्ही गावोगाव फिरायचो. गावचा हॉल, समोर खुर्च्या, कोपऱ्यात कॉफी आणि वाफल, म्हणजे गरम जाळीदार गोड पोळी, वर तपकिरी चीजचा काप. लोक वाफल खायला यायचे आणि आम्हाला शिव्या घालून जायचे.

"माझ्या घरात एक रेडिओ, गोठ्यात एक, ट्रॅक्टरवर एक, होडीत एक," एक मेंढपाळ म्हणाला. "सगळे फेकू?"

"हळूहळू बदलता येतील," सिगब्यर्न गोड हसून म्हणाला.

"हळूहळू कुठे? तुम्ही तर जानेवारीत गळा दाबणार आहात!"

"आणि सेल किती टिकतात याचे?" मागून एका बाईनं विचारलं. "वादळात वीज गेली की आमच्याकडे दोन-दोन दिवस येत नाही. माझा जुना अख्खा हिवाळा तेवढ्याच सेलांवर काढतो. हा?"

सिगब्यर्ननं आवाजाच्या स्वच्छतेबद्दल सांगायला सुरुवात केली. मला ठाऊक होतं, मी सेल किती अधाशासारखे खातो ते. मी माझ्या काळ्या काचेआड गुपचूप बसलो.

आणि मग एका हॉलमध्ये व्हायचं ते झालं. गाव डोंगराच्या कुशीत होतं. सिगब्यर्ननं ऐटीत बटण दाबलं, माझ्या काचेवर अक्षरं उमटली, 'शोधत आहे', आणि मी शोधतच राहिलो. डोंगर ओलांडून माझ्यापर्यंत काही पोचेना. त्यानं एरियल ताठ केली, मला खिडकीत नेलं, डोक्यावर धरलं. मी हूं की चूं नाही.

"लाजतोय काय रे तो?" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा हॉल खदखदून हसला. एक म्हातारा तर वाफल घशात अडकेपर्यंत हसला.

गाडीत बसल्यावर सिगब्यर्ननं मला मागच्या सीटवर भिरकावलं. लगेच कचेरीतून फोन आला. त्याचं बोलणं मी ऐकत होतो. "हो साहेब. नाही साहेब. लहर पोचते म्हणून नकाशावर सगळं निळंच आहे, पण..." पलीकडच्या माणसाला 'पण' नको होता. फोन ठेवून त्यानं वायपर सुरू केले आणि गाडी काढली.

पुढच्या शहरात त्यानं एक बारीक काळी वायर विकत घेतली. माझ्या पाठीला एक भोक आहे, बाहेरचा आवाज माझ्यातून वाजवण्यासाठी. वायरचं एक टोक त्यात, दुसरं त्याच्या फोनमध्ये, आणि फोन टेबलावरच्या कापडाखाली. फोनमध्ये त्यानं शहरात एक कार्यक्रम मुद्रित करून ठेवला होता. हॉलमध्ये त्यानं माझं बटण दाबलं की दुसऱ्या हातानं फोन सुरू करायचा. माझ्या तोंडून गाणं, बोलणं, सगळं ठणठणीत. लोक पाहत राहायचे. मला त्याचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मला मुका म्हणून हसले होते ते एक वेळ चालत होतं, हे नाही.

अशा रीतीनं आम्ही स्कार्विकाला आलो. स्कार्विका म्हणजे सिगब्यर्नचं स्वतःचं गाव. समोर समुद्र आणि पाठीला टेकलेला उभा डोंगर, ज्याला गावकरी नुसतं 'म्हातारा' म्हणतात. तिथे त्याची आई राहते. तिचं नाव हाल्डिस.

हाल्डिस सत्तरीची, मासळीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेली, हातापायानं अजून खणखणीत. जिभेनं त्याहून. नव्या रेडिओचा तिच्याइतका द्वेष अख्ख्या किनाऱ्यावर कुणी केला नसेल. दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या पायरीवर, जिथे चार माणसं भेटतील तिथे तिचं सुरू व्हायचं. "ऐकणाऱ्याला विचारायचं नाही आणि त्याचा कान कापायचा, ही कुठली रीत? आणि या कामाला माझ्याच पोटचा पोरगा मिळाला त्यांना! सरकारचा भोंगा झालाय तो!"

गाव तिच्यामागे होतं. ती नको म्हणते म्हणजे नको. हे सिगब्यर्नला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी हॉल गच्च भरला. हाल्डिस पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. तिच्या शेजारी ऑस्मुन आणि त्याची बायको योरुन. ऑस्मुन एकेकाळी जाळी विणायचा. डोळे गेल्यापासून खुर्चीत बसून सकाळपासून झोपेपर्यंत रेडिओ ऐकायचा. बातम्या, समुद्राचं हवामान, नाटकं, रविवारची प्रार्थना. त्याचा दिवस म्हणजे तोच.

"इथे नाही चालणार तो," हाल्डिस सिगब्यर्नच्या तोंडावर म्हणाली. "म्हाताऱ्याच्या आड काही येत नाही. तुझ्या बापानं मोबाइल घेतला होता, तो धक्क्याच्या टोकाला जाऊन बोलायचा. विसरलास?"

"आई, तू आधी ऐक तर," सिगब्यर्न म्हणाला आणि त्यानं माझं बटण दाबलं.

मी बोललो. म्हणजे फोन बोलला, माझ्या तोंडून. एका बाईचा मऊ आवाज, मग व्हायोलिन. खरखरीचा मागमूस नाही.  ऑस्मुननं मान वाकडी करून कान माझ्याकडे केला. त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथेच फुटून जावंसं वाटलं.

हाल्डिसची घडी सुटली. ती उठून टेबलाजवळ आली, मला निरखलं. कापडाच्या खाली तिनं पाहिलं नाही. स्वतःच्या मुलाच्या टेबलाखाली कोण बघतं?

"आई, आता तरी?" सिगब्यर्न म्हणाला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

तिनं गावाकडे तोंड केलं. हट्टी माणसाला हार मानायला जो वेळ लागतो तेवढा तिनं घेतला. मग म्हणाली, "मला हे सगळं अजूनही आवडलेलं नाही. पण डोंगराआड आवाज येतो हे मी माझ्या कानानं ऐकलं. तिथे मी चुकले."

"हाल्डिस," ऑस्मुन म्हणाला, "त्या पोराचं मला सांगू नकोस. तुझ्या तोंडून ऐकायचंय. घेऊ मी?"

"घे," ती म्हणाली. "माझा मुलगा माझ्या तोंडावर खोटं बोलायचा नाही."

त्या दिवशी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरानं रेडिओ सांगून ठेवला. सिगब्यर्ननं वायर खिशात घातली आणि मला मोठ्या प्रेमानं आईच्या हातात ठेवलं. "हा तुझ्यासाठी. माझ्याकडून." निघताना तो तिच्या गालाला गाल लावायला वाकला, तेव्हा त्याची मान लाल झाली होती. तिला वाटलं, पोराला भरून आलं.

घरी आल्यावर मी अर्थातच मुका. हाल्डिसनं फोन केला तर तो म्हणाला, "आता नाही येणार आई. जानेवारीत प्रक्षेपणाच्या मनोऱ्याची ताकद वाढवतात, मग बघ." तिनं विश्वास ठेवला. तोवर माझं काय करायचं? नाताळसाठी तिनं डुकराच्या मांसाची वडी लावली होती, ती दाबायला वजन लागतं. फळी ठेवली आणि फळीवर मला ठेवलं. नवं युग वडीवर बसून राहिलं. जुना रेडिओ खिडकीतून गात होता, आणि मला तर वाटे, मुद्दाम माझ्याकडे बघून गातोय.

जानेवारीत ठरलेल्या दिवशी त्याचा आवाज थांबला. बातम्यांच्या मधेच, वाक्य अर्धवट टाकून. मागे राहिली नुसती सळसळ. हाल्डिसनं मला फडक्यानं पुसून खिडकीत बसवलं आणि बटण दाबलं. 'शोधत आहे.'

अर्ध्या तासात रस्त्यावर जत्रा भरली. बर्फात, हातमोजे घालून, लोक माझ्या भावांना छातीशी धरून हिंडत होते. कुणी कुंपणावर चढलेलं, कुणी होडीच्या टपावर. अगदी वरच्या अंगाच्या दोन घरांत तुटक तुटक आवाज येत होता, तो पण पाण्याखालून आल्यासारखा गुडगुडत. बाकी गाव ठार बहिरं. जिल्ह्याचं एक छोटं केंद्र जुन्या लहरीवर राहिलं होतं, ते बिंगोचे आकडे पुकारायचं. तेवढा एक आवाज उरला.

"एरियल ताठ कर," सिगब्यर्न फोनवर म्हणाला. "खिडकी बदलून बघ." "थोडे दिवस थांब." मग तो फोन उचलेनासा झाला.

गावाचा राग कचेरीपर्यंत पोचणार कसा? तो हाल्डिसच्या दारात येऊन थांबला. ती दुकानात शिरली की बोलणं बंद व्हायचं. रोज सकाळी कॉफीला येणाऱ्या बायका रस्ता बदलून जायला लागल्या. एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक रेडिओ ठेवलेला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. आठवडाभरात ढीग झाला. चिठ्ठी नाही, काही नाही. पडलेल्या बर्फानं ते पांढरे झाले होते.

मग ऑस्मुन स्वतः आला, योरुनचा हात धरून. त्याला पायरी चढायला मदत करावी म्हणून हाल्डिस पुढे झाली तर त्यानं तिचा हात झटकला.

"आत नाही यायचं मला. इथूनच बोलतो."

"ऑस्मुन, मी त्याला रोज फोन करतेय..."

"त्याला कशाला? मी त्याला कधी विचारलं होतं? मी तुला विचारलं होतं. डोळे गेले तेव्हा मी देवाला शिव्या दिल्या. आता कान गेले, ते तुझ्या शब्दावर गेले. सकाळी उठतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. योरुन किती बोलेल? ती पण माणूस आहे."

"बोलते मी. ऐकतो कुठे," योरुन पुटपुटली, पण तिचेही डोळे भरले होते. तिनं माझा एक भाऊ ढिगावर ठेवला, ठेवला कसला, आपटला, आणि दोघं गेली.

हाल्डिस त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी तिनं मला उचललं, कोट घातला आणि हॉलवर गेली. हॉलची किल्ली तिच्याकडेच असते. तिनं तेच टेबल ओढून त्याच जागी लावलं, मला त्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. मी शोधत राहिलो. ती पहिल्या रांगेतल्या तिच्या खुर्चीत जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, मला उलटं केलं, पाठीवरच्या भोकात करंगळीचं नख घालून पाहिलं.  मला वाटलं होतं, ती मला भिंतीवर आपटेल. तिनं मला कोटाच्या आत घेतलं आणि घरी आली.

आणखी उत्तरेकडच्या जिल्ह्यात जुन्या लहरी वर्षाच्या अखेरीस बंद व्हायच्या होत्या, म्हणून सिगब्यर्नच्या सभा आता तिकडे चालल्या होत्या. एका बंदरगावच्या सभेची जाहिरात तिनं पेपरात वाचली. मला पिशवीत घातलं, वर डबा, त्यावर लोकरीचा गळपट्टा, आणि किनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीत चढली.

तो हॉल स्कार्विकाच्याच हॉलसारखा. तीच कॉफी, तसल्याच खुर्च्या, मागे तसाच डोंगर. ती शेवटच्या रांगेत एका दांडग्या कोळ्याच्या आड बसली. पिशवीच्या तोंडातून मला सिगब्यर्न दिसत होता. थोडा वाळला होता. टेबलावर माझा धाकटा भाऊ, माझ्याच साच्यातला.

"चालणार नाही इथे!" कोळी ओरडला.

"ऐका तर आधी," सिगब्यर्न म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. बाईचा मऊ आवाज. मग व्हायोलिन. तेच व्हायोलिन.

हाल्डिस उठली. मधल्या वाटेनं ती चालत आली तेव्हा आधी कुणाला काही वाटलं नाही. सिगब्यर्ननं तिला पाहिलं आणि त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "आई," तो म्हणाला, ओठांतल्या ओठांत.

तिनं टेबलावरचं कापड उचललं, वायर बोटाला गुंडाळली आणि ओढली. व्हायोलिन थांबलं. मग तिनं फोन उचलून सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला, पिशवीतून मला काढून माझ्या भावाशेजारी बसवलं आणि आमची दोघांची बटणं दाबली. आम्ही दोघं शोधत राहिलो.

"हे तुमच्या गावात एवढंच बोलणार," ती म्हणाली. "आमच्या गावातही एवढंच बोलतात. तिथे लोकांनी हे माझ्या शब्दावर घेतले. तुम्ही घेऊ नका."

"आणि तू कोण गं बाई?" कोळ्यानं विचारलं.

"मी याची आई."

 मग एकदम गलका झाला. "लबाड!" "बाहेर काढा त्याला!" कोळी ताडताड पुढे आला आणि त्यानं सिगब्यर्नच्या कोटाची कॉलर धरली. सिगब्यर्ननं स्वतःला सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

"हात काढ," हाल्डिस म्हणाली.

"तुम्हीच तर आत्ता..."

"याला मी चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं. याच्या कानाखाली वाजवायची वेळ आली तर तो मान माझा आहे, आणि तो मी अजून सोडलेला नाही. हात काढ."

त्यानं हात काढला. आम्ही तिघं त्या हॉलमधून बाहेर पडलो तेव्हा कुणीतरी मागून अर्धं खाल्लेलं वाफल फेकलं. ते तिच्या पाठीला लागलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

परतीच्या बोटीत दोघं समोरासमोर बसली, मी मधल्या टेबलावर. 

"नोकरी गेली माझी," सिगब्यर्न म्हणाला.

"जाऊ दे."

"एकदाच करणार होतो. मग जमलं, आणि कचेरीत सगळे खूश झाले..."

"आपल्या गावात कशाला केलंस? दुसरं गाव नव्हतं?"

तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण आईपुढे त्याला आता काही लपवायचं नव्हतं बहुतेक. "तू सगळ्यांत जास्त विरोध करत होतीस," तो म्हणाला. "तू मानलंस की सगळे मानतील, हे मला माहीत होतं."

हाल्डिसनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी माणसाकडे पाहतात. मग ती उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मला तिथेच टाकून. स्कार्विका येईपर्यंत तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. 

ती मुलाशी बोलेनाशी झाली. गावाला हकीकत कळली तरी गाव तिच्याशी फार बोलत होतं असं नाही. फसवलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त राग येतो तो आपण विश्वास ठेवल्याचा, आणि तो कुणावर तरी काढावा लागतो. मी पुन्हा फळीवरचं वजन झालो, या वेळी खारवलेल्या माशांवर.

बर्फ वितळल्यावर सिगब्यर्न आला. बिल्ला नाही, दाढी वाढलेली, छोट्या ट्रकमध्ये लांब नळ्या आणि तारांची वेटोळी. आता तो मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर काम करत होता. छपरावर उंच एरियल लावली तर डोंगराच्या कडेवरून थोडी लहर पकडता येते, हे त्याला कुणी तरी शिकवलं होतं. आईच्या पायरीवरच्या ढिगातून एक रेडिओ उचलून तो सरळ ऑस्मुनच्या घरी गेला. दारावर थाप मारली नाही, रेडिओ उघड्या खिडकीत ठेवला. भिंतीला शिडी लावली आणि चढू लागला.

माझी फळी हाल्डिसच्या खिडकीपाशीच होती, तिथून मला सगळं दिसत होतं. माणसं जमली. खिशात हात घालून उभी राहिली. वारा होता, शिडी डुगडुगत होती, आणि एकही जण पुढे होईना.

"पडला तर पडू दे," कुणीतरी म्हणालं. तो आवाज खाली केलेला नव्हता.

हाल्डिस चुलीपाशी होती. तिनं ते ऐकलं. तिनं पातेलं खाली उतरवलं, हात एप्रनला पुसले, दार उघडून रस्ता ओलांडला आणि माणसांच्या मधून जाऊन शिडीचे दोन्ही दांडे घट्ट धरले. तिनं वर पाहिलं नाही. त्यानं खाली पाहिलं, मग नळी भिंतीला आवळू लागला.  दुपारभर ती तशीच उभी होती. तिची बोटं सुजली असावीत, कारण रात्रीच्या जेवणाला तिला सुरी नीट धरता आली नाही.

संध्याकाळकडे ऑस्मुनच्या उघड्या खिडकीतून आवाज आला. तुटक, पण माणसाचा आवाज. समुद्राचं हवामान सांगत होता. गर्दी हलली नाही. थोड्या वेळानं ऑस्मुन भिंत चाचपत दारात आला.

"वर कोण आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला.

"हो," सिगब्यर्न शिडीवरून म्हणाला.

"आवाज येतोय. अधूनमधून मरतोय, पण येतोय."

"वाऱ्यानं होतं तसं. उद्या अजून एक तार ताणतो."

"ताण. पण माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकत."

"आणि तू, हाल्डिस," ऑस्मुन तिच्या दिशेनं अंदाजानं वळला, "तू आलीस तर चालेल. पण आज नको."

त्यानं दार लावून घेतलं.

उन्हाळाभर सिगब्यर्न सुट्टीच्या दिवशी येत राहिला आणि एकेक छप्पर चढत राहिला. कुणी त्याला कॉफी विचारली नाही. आभार तर सोडाच. पायरीवरच्या ढिगातून लोक आपापला रेडिओ मुकाट्यानं उचलून घेऊन गेले. रेडिओ बोलू लागले म्हणून कुणाचं मत बदललं नाही. दुकानात अजून तेच ऐकू येतं : चांगलं चाललेलं मोडलं, आणि मोडलेलं सांधायला आपलीच छपरं फोडली.

सगळ्यांत शेवटी तो आईच्या दाराशी शिडी घेऊन उभा राहिला.

"माझ्या छपरावर नको," हाल्डिस म्हणाली. तेच तिचं त्याच्याशी बोटीनंतरचं पहिलं बोलणं.

"मग रेडिओ कसा ऐकणार?"

"नाही ऐकणार. बिंगो येतं जुन्यावर. तेवढं पुरे."

"आई, एक नळी लावायचा प्रश्न आहे..."

"हात धू," ती म्हणाली. "मासा थंड होतोय."

तो आत आला, हात धुतले, जेवायला बसला. दोघं खाली बघून जेवली. मी खिडकीत होतो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी आजवर कुठल्याही हॉलमध्ये पाहिलं नव्हतं. तिथे लोक माझ्यावर चिडायचे, हसायचे. ती मला ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला काखेत मारून धक्क्यावर आणलं. इथे विजेच्या टाकाऊ वस्तूंसाठी लोखंडी पिंजरा आहे. तिनं झाकण उचललं, मला आत टाकलं आणि झाकण पाडलं. जाताना हात झटकले.

आता मी इथेच आहे. माझ्या खाली त्याच हिवाळ्यात फेकलेले जुने रेडिओ आहेत, लाकडी, चामड्याच्या पट्ट्याचे, एक तर होडीच्या आकाराचा. ते माझ्याशी बोलत नाहीत आणि मीही त्यांच्याशी बोलत नाही. खारा वारा आमच्या पोटातून सारखा फिरतो. ट्रक आला की आम्हाला एकत्रच भरतील आणि एकत्रच भरडतील. आमच्यातला एकही बिघडलेला नाही.

मला तुमच्याकडून दया नको. ज्यांनी न विचारता मला घरोघर पाठवलं, त्यांच्या दारात एकदा मला नेऊन आपटा, एवढंच मागतो. हाल्डिसवर मात्र माझा राग नाही. तिच्या गावासमोर तिचा शब्द खोटा ठरला तेव्हा तिथे आम्ही दोघं होतो, तिचा मुलगा आणि मी. मुलाला टाकून देता येत नाही, म्हणून तिनं मला टाकलं.